आमच्या सोयीच्या नावाखाली: शहराच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नगर प्रशासनातील अधिकारी, शहर बससेवेचे व्यवस्थापक आणि सार्वजनिक सभागृहाचे विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात तुमच्याकडून दोन सूचना आल्या. एक सभागृहाच्या दारावर लागली. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला होणारं व्याख्यान पुढच्या महिन्यापासून सभागृहात होणार नाही, ते फक्त ऑनलाइन ऐकता येईल. कारण दिलंय ‘ज्येष्ठ नागरिकांची सोय व सुरक्षितता’. दुसरी सूचना बसथांब्यावर लागली. आमच्या मार्गावरच्या साडेसातनंतरच्या दोन्ही फेऱ्या पहिल्या तारखेपासून बंद, म्हणजे साडेआठची आणि साडेनऊचीही. इथे कारण ‘अपुरी प्रवासीसंख्या’.

दोन्ही सूचना वेगवेगळ्या कार्यालयांतून निघाल्या. एका टेबलाला दुसऱ्याची कल्पनाही नसेल. पण त्या येऊन पडल्या त्याच त्याच माणसांवर, आणि त्यांपैकी मी एक आहे. वय ७६, घरी एकटी, दोन्ही गुडघे दुखरे, उजव्या कानाला यंत्र. तुमच्या कार्यालयात मी रीतसर अर्ज दिला आहे, त्याची पोचही माझ्याकडे आहे. तरी हे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण प्रश्न माझ्या एकटीच्या अर्जात मावणारा नाही. आज पन्नाशीत असलेल्यांनीही हे पत्र वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आमच्या वयाच्या माणसाचा बाहेरचा दिवस कसा असतो, हे तुमच्यापैकी कुणी आम्हाला विचारलं नाही, म्हणून सांगते. रोज उठून बाहेर पडणं आता झेपत नाही. मग आम्ही कामं साठवतो. बँक, औषधं, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवणं, चष्म्याचा निखळलेला स्क्रू, बिलाची तक्रार, वाचनालयाची पुस्तकं, सगळं एका दिवसावर ढकलतो. त्या दिवशी सकाळी दहाला घराला कुलूप लावलं की ते रात्री नऊलाच उघडायचं. माझ्या मैत्रिणींचं असंच, सभागृहात दिसणाऱ्या कितीतरी पुरुषांचंही असंच. आणि हा दिवस गुरुवारीच का, तर त्या संध्याकाळी व्याख्यान असतं म्हणून.

एवढं नीट लक्षात घ्या, कारण माझं सगळं म्हणणं याच्यावर उभं आहे. तुम्हाला वाटत असेल, ही माणसं कामांसाठी बाहेर पडतात आणि वेळ उरला तर भाषण ऐकायला जातात. आमच्या बाबतीत ते उलट आहे. संध्याकाळी ऐकायला काही तरी आहे, चार माणसं भेटणार आहेत, म्हणून सकाळी उठून केस विंचरून नीट साडी नेसायची उमेद येते. त्या उमेदीवर बँकेची रांग निभते, दवाखान्यातली वाट बघणं निभतं. संध्याकाळ काढून घेतलीत तर आमचा सगळा दिवसच मोडेल. बँकेचं काम ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर जाईल, डॉक्टरांची भेट लांबेल, आणि काही महिन्यांनी मुलं म्हणतील की आई हल्ली बाहेरच पडत नाही.

आता तो दिवस तुमच्या रस्त्यांवरून, तुमच्या खिडक्यांपुढून कसा जातो ते सांगते.

पहिली अडचण चौकातली. सिग्नलचा हिरवा माणूस किती वेळ पेटता ठेवायचा हे ठरवताना, माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असं अनेक ठिकाणी धरलं जातं. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजला गेला, तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर निघाला, बायकांचा ०.८. हिशेब अवघड नाही. १२ मीटर रुंदीचा रस्ता १.२ च्या वेगाने १० सेकंदांत ओलांडता येतो, ०.८ च्या वेगाला १५ सेकंद लागतात. मधल्या पाच सेकंदांत आम्ही रस्त्यातच असतो, दिवा लाल झालेला असतो आणि गाड्या पुढे सरकायला लागलेल्या असतात. सिंगापूरमध्ये २००९ पासून यावर उपाय करायला सुरुवात झाली. खांबावरच्या यंत्राला ज्येष्ठांचं कार्ड टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. एवढं यंत्र लगेच परवडत नसेल, तर निदान वाचनालय, दवाखाना आणि सभागृह यांच्यासमोरच्या सिग्नलची वेळ तरी वाढवा. त्याला कुठला खर्च आहे?

मग खिडक्या. जिथे माणूस बसायचा तिथे आता यंत्र आहे, आणि यंत्राला माझा अंगठा ओळखू येत नाही. वय वाढलं की कातडी कोरडी पडते, बोटांवरच्या रेषा झिजतात. आयुष्यभर भांडी घासली, धुणं धुतलं, त्या बायकांच्या बोटांचं तर बघायलाच नको. अंगठा पुसा, पुन्हा ठेवा, दुसरं बोट ठेवा, असं चालतं आणि मागची रांग चुळबुळायला लागते. आपण आपणच आहोत हे सिद्ध करता न येण्याची ती दोन मिनिटं माणसाला फार लहान करतात. ओळख पटवायचा दुसरा मार्ग नियमात असतोच, फक्त खिडकीवरच्या मुलाला तो सांगितलेला नसतो. त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो आणि शिकवणारं कुणी नसतं.

बाकांबद्दल फार लिहीत नाही, शहरात ते जवळपास उरलेलेच नाहीत. स्वच्छतागृहांबद्दल मात्र लिहिणार आहे, कारण या विषयावर सगळे गप्प बसतात आणि त्याची किंमत आमच्या बायका मोजतात. बाहेर जायचं म्हटलं की आमच्यातल्या कित्येकजणी सकाळपासून पाणी पीत नाहीत. वाटेत कुठे जायची सोय असेल याची खात्री नसते. असेल तर कुलूप असतं, कुलूप नसेल तर तीन पायऱ्या आणि धरायला कठडा नाही, असं असतं. आमच्या वयात तहान लागल्याची जाणीव मुळातच कमी होते, वर त्यात हे ठरवून पाणी न पिणं. मग चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो, रक्तदाबाच्या गोळ्या अंगावर येतात. डॉक्टर विचारतात, ‘पाणी का पीत नाही?’ त्याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही, ते तुमच्याकडे आहे. सभागृहाचं स्वच्छतागृह व्याख्यानाच्या अर्धा तास आधी उघडतं आणि टाळ्या थांबताच बंद होतं. ते दिवसभर उघडं राहिलं तर आम्ही वर्षभर तुमचे आभार मानू.

दुपार आमची वाचनालयाच्या व्हरांड्यात जाते. तिथे आम्ही पाच-सहाजणी जमतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, रिकाम्या बायका गप्पा मारताहेत. त्या गप्पांत काय चालतं ते सांगते. एक दुसरीच्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवते. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकच गोळी वेगवेगळ्या नावांनी लिहून दिली आहे, हे त्या व्हरांड्यात लक्षात आलं. फोनवर ‘तुमचं खातं बंद होणार आहे’ म्हणून धमकावणाऱ्याला एकजण आकडा सांगायच्या बेतात होती, तिला तिथेच थांबवलं. कुणाची सून आजारी, कुणाचा नातू परदेशी गेला, कुणाला रात्री झोप नाही, हे बोललं जातं. घरी ते बोलायला कुणी नाही, किंवा आहेत त्यांना वेळ नाही.

एका गुरुवारी आमच्यातली एक आली नाही. ती न कळवता राहणाऱ्यांतली नव्हती. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तिच्या शेजाऱ्यांचा नंबर एकीकडे होता, त्यांच्याकडे तिच्या घराची किल्ली होती. त्यांनी दार उघडलं तेव्हा ती न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडलेली होती, सकाळपासून. हाड मोडलं होतं, अंग गार पडलं होतं, जीभ कोरडी ठक्क झाली होती, पण शुद्धीवर होती. पडलेलं माणूस तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर तसंच राहिलं तर पडून राहण्याचाच धोका वाढत जातो. अंगाखालचे स्नायू चेपले जातात, शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. तिला दुपारीच दवाखान्यात नेता आलं, कारण त्या दिवशी तिची वाट बघणारं कुणी तरी होतं. आज ती काठी घेऊन पुन्हा येते. साडेआठच्या बसने मी तिच्याबरोबर तिच्या थांब्यापर्यंत जाते आणि मग पुढे माझ्या घरी.

सभागृहाच्या विश्वस्तांना मला हेच विचारायचं आहे. ती त्या दिवशी घरून ऑनलाइन व्याख्यान ऐकणारी असती, तर ती आलेली नाही हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

माणसं माणसांना भेटतात तेव्हा त्यांचं आयुष्य वाढतं, ही नुसती भावनेची गोष्ट नाही. २०१० साली १४८ अभ्यासांची एकत्र तपासणी प्रसिद्ध झाली, त्यांत तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती होती. ज्यांचे इतरांशी संबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जगून राहण्याची शक्यता संबंध विरळ असलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टींची यादी दिली. ऐकू कमी येणं, उपचार न झालेली कमी दृष्टी, शरीराची हालचाल नसणं, नैराश्य आणि लोकांपासून तुटणं या सगळ्या त्यात आहेत. आमचा एक गुरुवार यातल्या कितीतरी गोष्टींवरचा इलाज आहे, आणि त्यासाठी कुठल्याही खात्याला औषध विकत आणावं लागत नाही.

आता व्याख्यानाबद्दल. आम्हा म्हाताऱ्यांना कशाला हवीत भाषणं, असं कुणी तोंडावर म्हणत नाही, पण निर्णयांतून ते ऐकू येतं. मध्यंतरी एका तरुण संशोधिकेचं पक्ष्यांच्या स्थलांतरावर व्याख्यान झालं. बार टेल्ड गॉडविट नावाच्या पक्ष्याचं एक पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांत कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचलं. त्याच्या पाठीवर बसवलेल्या छोट्या यंत्रामुळे हे कळलं. आमच्यातली एक पूर्वी भूगोल शिकवायची. ती उभी राहिली आणि तिने विचारलं, ‘वाट दाखवायला बरोबर आई-बाप असतात का?’ संशोधिका म्हणाली, मोठे पक्षी बरेचदा आधीच निघून गेलेले असतात, पिल्लं मागून आपली आपण जातात. सभागृहात क्षणभर कुणी काही बोललं नाही. ज्यांची मुलं लांब गेली आहेत अशी कितीतरी माणसं तिथे बसली होती. व्याख्यान संपल्यावर तो विषय थांब्यापर्यंत, बसमध्ये आणि पुढच्या गुरुवारपर्यंत चालू राहिला. त्या बाईंनी मग घरातला जुना नकाशा काढला, शेजारच्या मुलांना बोलावून तो सगळा रस्ता दाखवला. ७९ व्या वर्षी ती पुन्हा शिकवत होती.

‘हे सगळं ऑनलाइनही होईल की’ असं तुम्ही म्हणाल. त्यावर मला माझ्या कामातलं सांगू द्या. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, नोकरीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून बसले. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्टीतला आवाज जायचा (हर्ट्झ हे आवाजाच्या पट्टीचं माप). माणसाच्या बोलण्यातल्या ‘स’सारख्या व्यंजनांचा बराचसा आवाज ४००० हर्ट्‌झच्या वर असतो. म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांत गोंधळ व्हायचा, आणि आम्ही नाव लिहून घेताना विचारायचो, ‘स समईतला की फ फणसातला?’ वय झालं की कानाचं नेमकं तेच होतं. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. समोर माणूस असला की त्याचे ओठ, चेहरा, हातवारे पाहून गाळलेल्या जागा भरता येतात. हाताएवढ्या मोबाइलवर वक्त्याचा चेहरा नखाएवढा दिसतो, आवाज मध्येच अडकतो आणि त्या गाळलेल्या जागा गाळलेल्याच राहतात. दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं आणि माणूस फोन बंद करून ठेवतो.

मी ऑनलाइनच्या विरोधात नाही. अंथरुणाला खिळलेल्या, जिना उतरू न शकणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत, त्यांच्यासाठी ती खिडकी उघडी राहायलाच हवी. पण त्यांच्यासाठी खिडकी उघडताना आमचं दार कशासाठी लावून घेता? सभागृहातून थेट प्रक्षेपण करा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

आणि कानांची खरंच काळजी असेल तर सभागृहात इंडक्शन लूप बसवा. भोवतीने एक तार फिरवलेली असते, माइकवरचा आवाज त्या तारेतून थेट टेलिकॉइल (असा आवाज पकडणारं छोटं वेटोळं) असलेल्या श्रवणयंत्रात पोचतो, सभागृहातला घुमारा आणि खोकले मध्ये येत नाहीत. जगातल्या अनेक नाट्यगृहांत, प्रार्थनास्थळांत, तिकीट खिडक्यांवर ही सोय फार वर्षांपासून आहे. पायऱ्यांवरचा दिवाही बदला. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा उजेड आमच्यासाठी अंधार असतो, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायलाही आम्हाला जास्त वेळ लागतो.

बससेवेच्या व्यवस्थापकांना वेगळं सांगायचं आहे. रात्रीच्या फेरीत माणसं कमी असतात हे खरं आहे. मी त्या बसमध्ये असते, मला दिसतं. पण तुम्ही फक्त रात्रीच्या फेरीची तिकिटं मोजलीत. जो माणूस रात्री साडेआठला परत येतो तो सकाळी तुमच्याच बसने गेलेला असतो, दुपारी एका ठिकाणाहून दुसरीकडेही तुमच्याच बसने जातो. परतीची हमी नसेल तर तो सकाळी निघणारच नाही. मग सकाळच्या फेऱ्यांतही माणसं कमी दिसतील, आणि त्यावरून तुम्ही त्याही कमी कराल. ही गळती कुठे थांबते ते मी आमच्या शेजारच्या मार्गावर पाहिलं आहे. तिथे आता थांब्याचा खांब आहे आणि बस नाही. शिवाय रात्रीच्या फेरीत आमच्याखेरीज दुकानांतून सुटणाऱ्या मुली असतात, रुग्णालयात पाळी बदलून घरी जाणारे असतात, शिकवणी संपवून निघालेली पोरं असतात. त्यांनाही कुणी विचारलेलं नाही.

जाता जाता एक विनंती, निर्णयाशी तिचा थेट संबंध नसला तरी. माणूस सीटवर बसेपर्यंत गाडी हलवू नका. धक्का बसून आतल्या आत पडणारे आमच्याच वयाचे असतात आणि त्याची कुठे नोंद होत नाही, कारण गाडी कशावर आदळलेली नसते.

सुरक्षिततेचा मुद्दा माझा मुलगाही काढतो. तो लांब राहतो, मायेने बोलतो, ‘आई, रात्री कशाला बाहेर? गाडी मागवून देत जाईन.’ मी त्याला सांगते ते तुम्हालाही सांगते. मागवलेल्या गाडीत मी एकटी असते, बसमध्ये ओळखीच्या माणसांत असते. गाडीसाठी मला दर वेळी त्याला फोन करावा लागेल, कुठे जाते, कधी परतणार हे सांगावं लागेल. बससाठी मला कुणाला विचारावं लागत नाही. या वयात आपल्या मनाने करता येण्याजोग्या गोष्टी एकेक करून कमी होतात. उरलेल्यांपैकी ही एक मला सोडायची नाही. रस्ता रात्री सुरक्षित नसेल तर तो सुरक्षित करणं हे प्रशासनाचं काम आहे, त्यासाठी आम्ही घरात बसणं हा उपाय नाही. दिवे लावा, पदपथ मोकळे करा. माणसं ये-जा करत राहिली की रस्ता आपोआप सुरक्षित व्हायला लागतो, आणि ती माणसं आम्हीच आहोत.

आम्ही काही जगावेगळं मागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ सालच्या डिसेंबरमध्ये वृद्धांसाठीची १८ तत्त्वं स्वीकारली. त्यांत औषधपाणी आणि निवाऱ्याबरोबर समाजातल्या शैक्षणिक व सांस्कृतिक गोष्टींपर्यंत पोचता आलं पाहिजे हेही स्वच्छ लिहिलं आहे. आपल्या आयुष्यावर परिणाम करणारी धोरणं ठरवताना वृद्धांचा सहभाग असावा, हेही आहे. फ्रान्समधल्या टूलूझ शहरात १९७३ साली निवृत्त माणसांसाठी विद्यापीठ सुरू झालं आणि ती कल्पना पुढे देशोदेशी पोचली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धांना सोयीची शहरं कशी असावीत याची मार्गदर्शिका काढली, ती ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांशी बोलून तयार केली होती. आधी विचारलं आणि मग लिहिलं. तुमच्या दोन्ही सूचना उलट्या क्रमाने आल्या, आणि तुमच्यावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. आमच्या नावाने निर्णय घेतलात आणि आमच्यापैकी एकालाही विचारलं नाही. सभागृहात दर गुरुवारी आम्ही समोरच बसलेले असतो. व्याख्यानाआधी कुणी पाच मिनिटं व्यासपीठावर येऊन विचारलं असतं तरी पुरलं असतं.

म्हणून आमच्या मागण्या लिहिते.

गुरुवारचं व्याख्यान सभागृहातच चालू ठेवा आणि त्याचं प्रक्षेपणही करा. खर्चाची अडचण असेल तर हिशेब आमच्यासमोर मांडा. खुर्च्या लावणं, दारावर बसणं, आलेल्यांची नोंद ठेवणं, वक्त्यांना पत्रं लिहिणं ही कामं आम्ही बिनमोबदला करू. आमच्यात निवृत्त लेखापाल आहेत, छापखान्यात काम केलेले आहेत, परिचारिका आहेत.

साडेआठ आणि साडेनऊच्या फेऱ्या रद्द करण्याचा निर्णय मागे घ्या. रोज शक्य नसेल, तर चर्चा होईपर्यंत निदान गुरुवारी त्या सोडा. फेरी बंद करायचीच वेळ आली तर तिच्यातल्या प्रवाशांना बसमध्येच विचारा, आणि त्या माणसांचा दिवसभराचा प्रवास मोजा.

सभागृहाचं आणि वाचनालयाचं स्वच्छतागृह सकाळी दहा ते रात्री नऊ उघडं राहावं, आत धरायला कठडा असावा. या मागणीला थांबायला लावू नका, याला बैठकीची गरज नाही, एका किल्लीची आहे.

वाचनालयासमोरचा, दवाखान्यासमोरचा आणि सभागृहासमोरचा सिग्नल सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या माणसाच्या वेगाला जुळवून घ्या. या तीन ठिकाणांना जोडणाऱ्या पदपथावर पाठ टेकता येईल असे बाक बसवा. ज्या खिडक्यांचा कारभार तुमच्या हातात आहे, तिथे अंगठा उमटला नाही तर काय करायचं याची सूचना मोठ्या अक्षरांत लावा, आणि निदान एका खिडकीवर माणूस ठेवा. लूप आणि पायऱ्यांवरचे दिवे पुढच्या अंदाजपत्रकात घ्या, तेवढं आम्ही थांबू.

शेवटची मागणी अशी की ज्येष्ठांच्या सोयीच्या किंवा सुरक्षिततेच्या कारणाने यापुढे जो निर्णय घ्याल, तो लागू करण्याआधी ज्येष्ठांची उघडी बैठक घ्या. ती दिवसा घ्या, जिना न चढता पोचता येईल अशा जागी घ्या, आणि माइक चालू असल्याची खात्री करून घ्या.

या पत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. या महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी व्याख्यानानंतर आम्ही सभागृहातच थांबणार आहोत, विश्वस्तांची परवानगी मागितली आहे. तिन्ही कार्यालयांतून एकेका जबाबदार व्यक्तीने तिथे यावं अशी विनंती आहे. तुमची अडचण आम्ही नीट ऐकून घेऊ, आमची तुम्ही ऐका. इतर नागरिकांनीही यावं, तरुणांनी तर यावंच. बैठक नऊच्या आत संपवू, म्हणजे सगळ्यांना साडेनऊची बस मिळेल.

आपली,
गुरुवारच्या श्रोत्यांपैकी एक ज्येष्ठ नागरिक